सिंहध्वज आणि जयकेतू

मळवली स्टेशनावर उतरून कार्ल्याची वाट धरणाऱ्या मंडळींपैकी बहुतेक एकवीरा आईच्या दर्शनास निघालेली असतात. चैत्रात तर कोळी-आगरी बांधवांची एवढी गर्दी लोटते की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळू नये. देवीचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. महारठी अग्निमित्रणक याने दिलेला सिंहस्तंभ एका बाजूस उभा आहे, आणि त्याच्या जोडीचा स्तंभ जिथे असावयाचा तिथे आता एकवीरेचे मंदिर आहे. दर्शन झाले, नारळ फुटला, की घटकाभर सावलीला म्हणून माणसे शेजारच्या चैत्यात शिरतात, मान वर करून दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी पाहतात, ‘केवढे हे!’ असे म्हणतात आणि उतरू लागतात. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांवर अक्षरे कोरलेली आहेत, हे पाहण्याची सवड फार थोड्यांना असते.

ती अक्षरे ब्राह्मी लिपीतील आहेत आणि भाषा प्राकृत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास हे लेणे घडत होते, तेव्हा त्याचे नाव वलुरक. वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने आपण जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह पुरे केले असे अभिमानाने कोरून ठेवले आहे, आणि हा अभिमान पोकळ आहे असे चैत्यात उभे राहिल्यावर कोणी म्हणणार नाही. परंतु एकट्या भूतपालाने हे काम केलेले नाही. कोणी एक खांब दिला, कोणी दरवाजा दिला. धेनुकाकट नावाच्या गावचा सिंहदत्त नावाचा गंधी त्यात आहे. त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे. मिलिंद नावाचा एक वैद्य आहे. आणि त्याच धेनुकाकटचे, आपल्याला ‘यवन’ म्हणवून घेणारे निदान सहा दाते आहेत.

यवन म्हणजे ग्रीक, किंवा ग्रीकांच्या मुलखातून समुद्रमार्गे आलेला परदेशी. पुढे या शब्दाचा अर्थ बदलला, तो भाग निराळा. त्या काळी सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे गजबजलेली होती. तिथे उतरलेला माल बोरघाट चढून देशावर जाई, आणि घाट चढून आल्यावर पहिला विसावा या मावळातच. व्यापाऱ्यांचे तांडे जिथे थांबत तिथे विहार उभे राहिले. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी या वाटेच्या आसपास आहेत हा काही योगायोग नव्हे. धेनुकाकट नेमके कुठले यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी डहाणूकडे बोट दाखवतो, कोणी थेट आंध्रात जातो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी मात्र ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले. पुण्यात राहून काठी हातात घेऊन हे सारे डोंगर पायी तुडवलेला हा माणूस. त्याचे म्हणणे सहजी झटकून टाकता येत नाही.

या यवनांची नावे पाहावीत. एक सिंहध्वज, एक यशोवर्धन, एक धम्म. फिलिप नाही, अपोलोडोरस नाही. गाव इथले, नाव इथले, धर्म इथला, दान इथले. फक्त ‘यवन’ एवढा एक शब्द त्यांनी सोडला नाही. आईबापांनी ठेवलेली त्यांची नावे काय असतील ती असोत, दगडावर ती आलेली नाहीत.

आणि एका खांबाच्या माथ्यावर, जिथे इतरत्र हत्ती, घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत, तिथे सिंहाचे धड आणि माणसाचे तोंड असलेला एक प्राणी बसला आहे. ग्रीक लोक याला स्फिंक्स म्हणत. कोसंबींनी त्याकडे लक्ष वेधले आणि त्याची सांगड या यवन दात्यांशी घातली. थीब्ज नगराच्या वेशीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यास कोडे घालणारी, उत्तर चुकले की त्याला खाऊन टाकणारी, आणि अखेर ईडिपसने बरोबर उत्तर देताच स्वतः प्राण देणारी ती हीच. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन पायांवर चालतो तो प्राणी कोणता? हे कोडे आपल्याकडची शाळकरी मुलेही एकमेकांना घालतात, आणि ते कुठून आले याचा पत्ता त्यांना नसतो. कार्ल्याच्या शिल्पकाराला तरी तो होता काय? मला वाटते, बहुधा नसावा. अलेक्झांड्रियाहून आलेल्या एखाद्या लहानशा वस्तूवर त्याने ते रूप पाहिले असेल, आणि देखणे वाटले म्हणून घेतले असेल. ग्रीक वीरकथा अशा वस्तूंवर बसून आपल्याकडे आल्या होत्या एवढे मात्र नक्की. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात समुद्रदेव पोसायडनची वीतभर ब्राँझ मूर्ती निघाली. त्याच ब्राँझच्या साठ्यात एका तबकडीवर पर्सियस वीर अँड्रोमेडेला सोडवतो आहे. समुद्रराक्षसाच्या तोंडून राजकन्येला सोडवणारा हा वीर पंचगंगेच्या काठी शतकानुशतके मातीखाली पडून होता.

चित्र आले, कथा आली की नाही? डायोन क्रिसोस्टोम नावाचा एक ग्रीक वक्ता कार्ल्याचे लेणे घडत होते त्याच सुमाराचा. त्याने लिहून ठेवले आहे की हिंदुस्थानातले लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत भाषांतरून गातात. प्रायमचे दुःख, हेक्टर आणि अकिलीस यांचे शौर्य त्यांना ठाऊक आहे. आपले विद्वान यावर हसतात, आणि हसणे बरोबरच आहे. कोणा खलाशाने बंदरावर महाभारताची कथा ऐकली असावी, आंधळा म्हातारा राजा आणि त्याचे मेलेले शंभर पुत्र ऐकून त्याला आपल्या प्रायमची आठवण झाली असावी, आणि घरी जाऊन त्याने सांगितले असावे की तिकडेही आपलेच गातात. पण हसून झाल्यावर त्या खलाशाविषयी थोडी आपुलकी वाटू लागते. परक्या भाषेतली कथा ऐकून ‘हे तर आमचेच’ असे ज्याला वाटले, त्याला नाटकवाल्यांच्या कुळातलाच म्हटले पाहिजे.

नाटकांचा विषय निघाला की यवनिकेचा वाद टळत नाही. संस्कृत रंगभूमीवरच्या पडद्याला यवनिका म्हणतात. शाकुंतलात दुष्यंताभोवती धनुष्ये घेतलेल्या यवनी आहेत. तेव्हा नाटक हेच मुळी ग्रीकांकडून आले, असे वेबर आणि विंडिश या जर्मन पंडितांनी गेल्या शतकाच्याही आधी मोठ्या हिरिरीने मांडले. सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने १८९० मध्ये ते खोडून काढले. गंमत अशी की ग्रीकांच्या उघड्या रंगमंडपात पुढचा पडदा नव्हताच. नसलेला पडदा त्यांच्याकडून उसना कसा घेणार? यवनांच्या देशातून येणाऱ्या कापडाचा पडदा म्हणून यवनिका, किंवा मूळ शब्दच ‘जवनिका’, म्हणजे चटकन सरकणारी, हे जास्त सयुक्तिक दिसते. शिवाय दोन्ही नाटकांचा पिंडच निराळा. आपल्या नाट्यशास्त्राने रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा दंडक घातला. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो तो एक अपवाद, आणि भासाची ती नाटके गणपतिशास्त्र्यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध करीपर्यंत आपल्याला नुसती नावानेच माहीत होती. तेव्हा सोफोक्लीजचा ईडिपस सिंहध्वजाबरोबर घाट चढून आला नाही. तो फार उशिरा आला, इंग्रजी पुस्तकांत बसून, आणि शेक्सपिअरच्या मागून.

शेक्सपिअर आला तेव्हा त्याचे आपण काय केले? आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ लिहिले आणि डेन्मार्कचा हॅम्लेट चंद्रसेन झाला. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. पाहुण्याला आधी पगडी बांधायची, पाटावर बसवायचे आणि मगच त्याचे म्हणणे ऐकायचे, अशी ही रीत. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच गणपतराव जोशांसारख्या नटाला ती भूमिका आपली म्हणून करता आली, आणि ज्याला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नाही त्या प्रेक्षकाच्याही डोळ्यांत पाणी आले.

मात्र जुन्या वीरकथेतून आजचे बोलण्याची विद्या आपल्याला कोणा परक्याने शिकवली नाही. ती खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवधा’त करून दाखवली होती. विराटाच्या दरबारी सैरंध्री म्हणून राबणारी द्रौपदी, तिच्यावर हात टाकणारा मदांध कीचक, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर आणि धीर सुटलेला भीम. पिटातल्या शेवटच्या माणसालाही कीचकाच्या जागी कर्झनसाहेब दिसत होता आणि युधिष्ठिर-भीमांत मवाळ-जहाल दिसत होते. महाभारतातला शब्द न् शब्द जागेवर ठेवून सरकारला शिव्या देण्याची ही युक्ती सरकारच्या लक्षात यायला वेळ लागला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. लंडनच्या ‘टाइम्स’साठी लिहिणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोलला तर या नाटकात राजद्रोहाचा अर्कच सापडला. एखाद्या नाटककाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र ते काय हवे?

हे ध्यानात घेऊन पॅरिसकडे पाहावे. १९४३ मध्ये शहर जर्मनांच्या ताब्यात आहे. सार्त्र ‘माशा’ नावाचे नाटक लिहितो: ओरेस्टिस आपल्या गावी परततो, आईने आणि तिच्या प्रियकराने बापाचा खून केलेला आहे, आणि सारे गाव पश्चात्तापाच्या काळ्या कपड्यांत, माशांच्या घोंगावण्यात जगते आहे. पराभवाचे पाप तुमचेच, आता रडत बसा, असे फ्रेंचांना रोज सांगणारे सरकार त्या वेळी गादीवर होते. ओरेस्टिस खून करतो, पश्चात्ताप नाकारतो आणि साऱ्या माशा आपल्या मागे घेऊन गावाबाहेर पडतो. जर्मन तपासनिसांनी हे नाटक मंजूर केले. ग्रीकांची जुनी गोष्ट आहे, होऊ द्या, असे त्यांना वाटले असेल. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत अनुईची ‘अँटिगनी’ आली. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकणारी ती मुलगी. तिथे तर गंमत अशी झाली की दोन्ही बाजूंच्या लोकांनी टाळ्या दिल्या. कोणाला अँटिगनी आपली वाटली, कोणाला राज्य चालवण्यासाठी हात मळवून घेणारा राजा क्रेऑन. ‘कीचकवधा’च्या बाबतीत असा घोटाळा होण्याची सोयच नव्हती, कारण कीचकाची बाजू घेणारा प्रेक्षक खाडिलकरांनी ठेवलाच नव्हता. माझ्या मते अनुईचे नाटक अधिक खोल आहे ते याचमुळे, आणि खाडिलकरांचे अधिक धारदार आहे तेही याचमुळे.

मराठीत ग्रीक वीर स्वतः अवतरला तो बहुतांशी एका माणसाच्या हट्टाने. सदानंद रेगे हे कवी म्हणून आणि कथाकार म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेत; पण या कवीने परदेशी नाटकांसाठी किती रक्त आटवले हे फारसे बोलले जात नाही. १९५९ मध्ये त्यांनी सोफोक्लीजच्या ईडिपसचे रूपांतर केले, नाव ठेवले ‘जयकेतू’. केतू म्हणजे ध्वज. कार्ल्याच्या खांबावरचा यवन सिंहध्वज, आणि एकोणीसशे वर्षांनी मराठीत आलेला ईडिपस जयकेतू! रेग्यांच्या मनात तो खांब असेल असे मी म्हणत नाही. पण ग्रीक माणसाला इथला रहिवासी करून घ्यायचे तर त्याच्या हाती एक ध्वज द्यावा, ही बुद्धी दोन्ही वेळा झाली खरी.

या नावाची किंमत काय पडते पाहा. ईडिपस या नावाचा अर्थच ‘सुजलेल्या पायांचा’. जन्मतःच बापाने त्याचे घोटे टोचून डोंगरावर टाकून द्यायला लावले, ती खूण त्याच्या पायांवर आहे आणि नावात आहे. सबंध गाव रोज त्याला त्या नावाने हाक मारते, म्हणजे त्याचे रहस्य रोज त्याच्या कानांवर पडते, आणि ते एकट्यालाच ऐकू येत नाही. स्फिंक्सचे पायांचे कोडे सोडवणारा हा शहाणा स्वतःच्या पायांचे कोडे सोडवू शकत नाही. नाटकाच्या शेवटी डोळे फोडून घेतलेल्या राजाला यापुढे काठी टेकतच चालायचे असते, म्हणजे तोच तो तीन पायांचा प्राणी होणार असतो. जयकेतूच्या नावात हे काहीच नाही. जयकेतू हे दिग्विजयी राजाचे नाव, आणि ज्याची कथा पराभवाची आहे त्याला ते ठेवण्यात कडवट विनोद आहे, हेही खरे. पण मूळ नावातली धार गेली ती गेली.

रेग्यांना हे जाणवले असले पाहिजे. अठरा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांनी पुन्हा तेच नाटक हाती घेतले आणि या वेळी नाव राहिले ‘राजा ईडिपस’. लगेच दोन वर्षांनी पु. ल. देशपांड्यांनीही सोफोक्लीज मराठीत आणला आणि ते तर आणखी पुढे गेले. इंग्रजांच्या तोंडचा उच्चारही त्यांनी सोडून दिला आणि ‘राजा ओयदिपौस’ असे नाव दिले. ज्या पु. लं.नी चारच वर्षांपूर्वी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ करून लंडनची फुलवाली अस्सल मराठमोळी करून टाकली होती, त्यांनीच हे करावे याचे प्रथम नवल वाटते. तसे पाहिले तर पिग्मॅलियनही ग्रीकांच्या पुराणातलाच, स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला. शॉने त्याचा भाषाशास्त्रज्ञ केला, पु. लं.नी त्याचा आपला प्रोफेसर केला, आणि मंजुळेच्या तोंडी असा ठसका दिला की मूळ ग्रीक मूर्तीची कोणाला आठवणही राहिली नाही. विनोदाला पगडी शोभते. ओयदिपौसाला ती बांधायला मात्र पु. ल. धजले नाहीत, आणि मला वाटते ते योग्यच केले. एव्हाना मराठी वाचकही बदलला होता. विंदा करंदीकरांनी अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ मध्येच मराठीत आणले होते. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये मॅक्बेथचा ‘राजमुकुट’ केला, पण १९६१ मध्ये ‘ऑथेल्लो’ला त्याच्याच नावाने येऊ दिले. पाहुण्याने आपले नाव सांगितले तर ते लक्षात ठेवण्याइतके यजमान सुधारले होते.

रेग्यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. अमेरिकेच्या युजीन ओनीलने १९३१ मध्ये अ‍ॅगामेम्नॉनच्या घराण्याची कथा घेऊन तीन नाटकांची एक साखळी लिहिली. ट्रॉयच्या युद्धाऐवजी अमेरिकेतले यादवी युद्ध, राजाऐवजी सेनापती, आणि शापाऐवजी मनाच्या तळाशी दबलेल्या वासना. रेग्यांनी १९६५ मध्ये हे मराठीत आणले आणि नाव दिले ‘ज्यांचे होते प्राक्तन शापित’. ‘प्राक्तन’ हा शब्द मुद्दाम पाहण्याजोगा आहे. ग्रीकांचे दैव आंधळे. ते का कोसळते हे विचारण्याची सोय नाही. आपल्या प्राक्तनात मात्र ‘पूर्वी केलेले’ असा अर्थ बसलेला आहे. कुठल्यातरी जन्मी काहीतरी केले असेल, म्हणून हे भोगणे. आपल्या आजीला ईडिपसची गोष्ट सांगा. ती पहिला प्रश्न विचारील, ‘अरे, पण त्याने मागल्या जन्मी केले काय होते?’ या एका प्रश्नापुढे सोफोक्लीज निरुत्तर आहे. ओनील तितका निरुत्तर नाही, कारण त्याच्या नाटकात आजोबांच्या पिढीतले पाप नातवंडांच्या मानेवर बसलेले आहे. म्हणून ‘प्राक्तन’ हा शब्द ईडिपसपेक्षा ओनीलच्या माणसांना अधिक चपखल बसतो, आणि तो तिथेच वापरणाऱ्या रेग्यांच्या कानाची दाद द्यावीशी वाटते.

ईडिपसचा भाऊ शोभेल असा वीर आपल्याकडे आहेच, तो कर्ण. दोघांनाही जन्मतःच टाकून दिले, दोघेही परक्याच्या घरी वाढले, दोघांनाही आपले कूळ उशिरा कळले. शिरवाडकरांनी १९५३ मध्ये ‘कौंतेय’ लिहिले तेव्हा हाच वीर त्यांना खुणावीत होता. पण एक फरक फार मोठा आहे. ईडिपसला कळते ते सारे होऊन गेल्यावर. बाप मारून झाला, आईशी लग्न होऊन मुले झाली, आता कळून काय करणार, म्हणून तो डोळे फोडतो. कर्णाला युद्धापूर्वी कळते. कृष्ण सांगतो, मग कुंती येऊन सांगते. इकडे ये, तू ज्येष्ठ पांडव, राज्य तुझे. सारे कळूनही तो दुर्योधनाला सोडीत नाही. त्याच्यापुढे वाट मोकळी होती आणि ती त्याने नाकारली. म्हणजे कर्ण ईडिपसपेक्षा अनुईच्या अँटिगनीच्या अधिक जवळचा. तिलाही क्रेऑन सारे काही समजावतो: तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते, कुठले प्रेत कोणाचे हेही आता ओळखू येत नाही, घरी जा, लग्न कर, सुखी हो. मरण्याचे एकेक कारण तो तिच्या हातून काढून घेतो. तरी ती ‘नाही’ म्हणते.

या अँटिगनीने आपल्याकडे येऊन एक निराळेच काम केले. १९६२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्यापूर्वी इब्राहिम अल्काझी मुंबईत इंग्रजीतून सोफोक्लीज, युरिपिडीस आणि अनुईही करून दाखवीत होते. ते जन्माने पुण्याचे. त्याच सुमारास माथेरानला जन्मलेला, ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळून विलायतेच्या तयारीत असलेला गिरीश कार्नाड नावाचा तरुण घरच्यांच्या काळजीने त्रासला होता. मुलाने म्हाताऱ्यांसाठी आपले आयुष्य बांधून घ्यावे, अशी ती अपेक्षा. त्याने कानडीत ‘ययाति’ लिहिले, १९६१ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे त्याने मोकळेपणाने सांगितले की कथा महाभारताची असली तरी नाटकाचा घाट आपण अनुईच्या ‘अँटिगनी’सारख्या पाश्चात्त्य नाटकांवरून घेतला, लहानपणी पाहिलेली पौराणिक नाटके या कामी उपयोगी पडली नाहीत.

त्याच काळात मराठीत ययातीचे पेवच फुटले होते. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची, शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. कार्नाडांच्या नाटकात मात्र एक बाई आहे जी महाभारतात नाही. पूरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा. नवऱ्याने बापाचे वार्धक्य घेतले, साऱ्यांनी त्याच्या त्यागाला धन्य धन्य म्हटले, आणि हिला कोणी विचारले नाही. ती सासऱ्यापुढे उभी राहते आणि सरळ विचारते: माझ्या नवऱ्याचे तारुण्य आता तुमच्यापाशी आहे ना? मग मीही तुमच्याच स्वाधीन. मला स्वीकारा. ययातीला उत्तर देता येत नाही. चित्रलेखा विष घेते, आणि ययाती आपले वार्धक्य परत मागून घेतो. महाभारतातला ययाती हजार वर्षे तारुण्य भोगून तृप्त न होता परतला होता.